नाव शेवटी लिहायचं

आजच्या निरोप समारंभाचे आणि आपल्या संयुक्त मराठी विवाह मंडळाचे अध्यक्ष माननीय महिपतराव मोहिते; प्रमुख पाहुण्या, ज्यांच्या छडीखाली या सभागृहातली निम्मी मंडळी पाढे शिकली त्या आदरणीय सुधाताई जाधव; मंडळाचे कार्यवाह कान्होजीराव; आज ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती श्री. मधुसूदन इंदापूरकर, म्हणजे आपले मधुकाका. पहिल्या रांगेत बसलेल्या शामलाकाकू. गोरखी मोहल्ल्यातून आलेले, कंपू मोहल्ल्यातून आलेले, आणि कार्यक्रम संपायची वाट न पाहता मागच्या रांगेत फोटो दाखवायला सुरुवात केलेले सर्व पालकहो,

सर्वांना माझा नमस्कार. मी वनमाला पुराणिक. मंडळाच्या कार्यालयात गेली तीन वर्षं संगणकावर बसते. 

मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. कान्होजीराव मघाशी म्हणाले, "बेटा, काकांबद्दल दोन गोड शब्द बोल, शाल दे आणि उतर. बटाटेवडे गार होतील." मी त्यांचं म्हणणं मान्य केलं होतं. पण हे भाषण मी चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा पाच मिनिटांत बसेना. तेव्हा वड्यांची मी आधीच माफी मागते.

मधुकाकांची ओळख मी करून देणं म्हणजे तुम्हालाच तुमच्या घरची ओळख करून देणं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर, एकोणीस वर्षांपूर्वी, ते गोरखीतल्या आपल्या जुन्या मंडळात आले. तेव्हा मंडळाकडे एक लोखंडी कपाट आणि दोन ट्रंका होत्या. काकांनी कुठून कुठून टाकाऊ संगणक आणले. त्यांवर बाजारातली नवी प्रणाली चालेना, म्हणून त्यांनी लिनक्स बसवलं. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगते: संगणक ज्या प्रणालीवर चालतो ती कशी बनवली आहे हे जिथे कोणालाही उघडून वाचता येतं, सुधारता येतं, ती मुक्त प्रणाली. लिनक्स तशी आहे. काका तिचं वर्णन एका वाक्यात करायचे, "स्वयंपाकघर उघडं आहे. ज्याला बघायचं त्याने यावं, झाकण उघडावं."

मी कामाला आले त्या दिवशी त्यांनी विचारलं, "क्या आता है तुम्हें? काय येतं?"

मी म्हटलं, "पत्रिका मांडता येते. हाताने."

"आणि संगणक?"

"नाही."

"बहुत अच्छा. चुकीचं शिकलेलं विसरायला वेळ लागतो. तुझा तेवढा वेळ वाचला."

पत्रिका मला का येते ते सांगायला हवं, कारण पुढे त्याचं काम आहे. मी पाचवीत शाळेत गेले. तोवर माझी शाळा म्हणजे माझे आजोबा, बळवंतशास्त्री पुराणिक. बेरीज-वजाबाकी त्यांनी मला पंचांगावरून शिकवली. घटिका-पळांचे तास-मिनिटं करता आले की भागाकार आला. इथे अनेकांच्या पत्रिका त्यांनी मांडल्या आहेत. त्यांची एक रीत होती, ती जुन्या मंडळींना आठवत असेल. कोणी पत्रिका करायला आलं आणि म्हणालं, "शास्त्रीबुवा, आमच्या सुनंदाच्या मुलीची..." की ते हात वर करायचे. "नाव नको. वेळ सांगा. गाव सांगा." सगळं मांडून झालं, गणित दोनदा तपासलं, शाई वाळली, की मग विचारायचे, "आता नाव सांगा." मी एकदा विचारलं, असं का? तर म्हणाले, "ग्रहांना नाव लागत नाही. नाव लागतं ते माणसाला, आणि नाव कळलं की माणसाचा हात बिघडतो." मला वाटलं होतं ही आजोबांची लहर आहे.

असो. आता मूळ गोष्टीवर येते.

गेल्या दसऱ्याला आपली दोन मंडळं एक झाली. गोरखीचं आपलं स्नेहमीलन आणि कंपूची विवाह समिती. एकाकडे पुरोहित-कारकुनांची घराणी, दुसरीकडे शिलेदारांची. आता सगळेच बँकेत, शाळेत, नाही तर पुण्याच्या कंपनीत. दोन कार्यालयं, दोन मेळावे, दोन चहावाले कशाला, असा शहाणा विचार झाला. महिपतरावांनी त्यासाठी वर्षभर दोन्हीकडचे रुसवे काढले, हे मी मनापासून सांगते. फक्त एक राहून गेलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पत्रिका जुळवणाऱ्या या दोन मंडळांनी आपल्या संगणकांची पत्रिका जुळवली नव्हती.

कंपूकडच्या यंत्रांवर नेहमीची, विकत मिळते ती प्रणाली होती. आणि तिच्या ब्राउझरमध्ये, म्हणजे ज्या खिडकीतून आपण इंटरनेट बघतो तिच्यात, एक कुंडलीचं प्लगिन बसवलेलं होतं. प्लगिन म्हणजे बाहेरून आणून बसवलेला जोडतुकडा. स्थळाचा अर्ज भरला, एक बटण दाबलं, की दोन सेकंदांत रंगीत कुंडली आणि छत्तीस गुणांचा हिशेब. कंपनी बाहेरगावची. फुकट द्यायची. आणि तिच्याकडे लिनक्ससाठीही एक आवृत्ती होती. जुनी, दोन वर्षं कोणी हात न लावलेली, पण होती.

कान्होजीराव पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हाचा त्यांचा शब्द मला पाठ आहे. मी हाताने कुंडली मांडत होते. ते म्हणाले, "अरे वा! गोरखीत अजून पंचांगच चालतं? आमच्याकडे तर बटन दबाया, हो गया." हसू नका, कान्होजीराव, तुम्ही म्हणाला होतात. आणि मला ते लागलं होतं.

मी काकांकडे गेले. म्हटलं, आपणही बसवूया. काकांनी ते उतरवून घेतलं, अर्धा दिवस त्याच्याकडे बघत बसले, आणि म्हणाले, "बेटा, ह्या डब्याला झाकण आहे, आणि झाकण उघडत नाही. उघड्या स्वयंपाकघरात बंद डब्यातला मसाला घालायचा आहे तुला."

मी म्हटलं, "मग नको?"

"मी नको कुठे म्हटलं? झाकलेली वस्तू वाईटच असते असं नाही. आणि उघडी वस्तू चांगलीच असते असंही नाही. ह्या लिनक्सची प्रत्येक ओळ मी वाचलीय असं वाटतं तुला? माझ्या सात पिढ्या वाचत बसतील. फरक एवढाच, की जगात कुठेतरी माझ्यासारखा एखादा रिकामटेकडा वाचतो, आणि काही खटकलं तर ओरडतो. ह्या डब्यात डोकावायलाच कोणाला मिळत नाही, तर ओरडणार कोण?"

"पण लोकांना पाहिजे, काका."

"पाहिजेच. लोकांना पाहिजे ते द्यायला आपण बसलोय. तू औषध घेतेस तेव्हा त्यात काय काय घातलंय ते सगळं समजून घेतेस? नाही ना. पण एक गोळी घेतेस आणि थांबतेस. सगळ्या घराला एकदम नाही देत."

त्यांनी अट घातली. एकच यंत्र. खिडकीजवळचं, सर्वात जुनं. त्यावर प्लगिन बसवायचं, आणि त्या यंत्राची इंटरनेटची तार काढून ठेवायची. महिनाभर बघायचं. मग ठरवायचं. दुसऱ्या दिवशी ते मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी गेले. जाताना मोठ्या कळीचा, म्हणजे ज्याने कुठल्याही यंत्रावर काहीही बसवता येतं त्या परवलीच्या शब्दाचा कागद माझ्या हातात दिला. "लागणार नाही," म्हणाले, "पण जवळ असू दे."

आणि मार्गशीर्षातला आपला पहिला संयुक्त मेळावा आला.

तुम्ही सगळे होतात तिथे. तीनशे माणसं येतील म्हटलं होतं, साडेपाचशे आली. खिडकीजवळच्या एका यंत्रापुढे रांग लागली ती जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत. एक काकू म्हणाल्या, "अहो, एवढ्या वेळात तर मुलगी म्हातारी होईल." कोणीतरी कोणालातरी म्हणालं, "यांच्यापेक्षा कंपूवाले बरे होते." मी ते ऐकलं. मी सहा यंत्रांकडे बघितलं. पाच रिकामी. खिशात कळीचा कागद.

मी पाचही यंत्रांवर ते प्लगिन बसवलं. तारा जागच्या जागी ठेवून. आणि सहाव्याची तारही लावली, कारण त्यावरचे अर्ज बाकीच्या यंत्रांना दिसायला हवे होते.

ते बसवताना एक लांबलचक करार समोर येतो. त्याच्या खाली चौकोन असतो, 'मी हे वाचलं आहे'. मी पंचांगातल्या एका पळाचा फरक सुद्धा दोनदा तपासणारी मुलगी आहे. बसचं तिकीट मी घरी येईपर्यंत फेकत नाही. तो करार मी वाचला नाही. वाचला आहे, अशी खूण मात्र सहा वेळा केली.

मला भीती वाटली नाही का? वाटली. पण मी स्वतःची समजूत घातली की आपल्याकडे लिनक्स आहे, लिनक्सला काही होत नाही. हे वाक्य मी काकांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. ते माझं होतं.

अर्ध्या तासात रांग संपली. कान्होजीरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं, हेही खरं सांगते.

पौषात एक बाई माझ्याकडे आल्या. त्यांचं नाव मी घेणार नाही. त्यांनीच परवानगी दिली आहे, "गोष्ट सांग, पण नाव घेतलंस तर तुझ्या लग्नात जेवायला येणार नाही." तेव्हा मागच्या रांगेने अंदाज बांधू नयेत. त्यांनी दार लावून घेतलं, खुर्ची ओढली, आणि कुजबुजत्या आवाजात विचारलं, "वनमाला, माझ्या मुलीची जन्मवेळ तू कोणाला सांगितलीस?"

मी म्हटलं, "कोणालाच नाही."

"मग त्या माणसाला कशी कळली? फोन आला होता. म्हणतो, 'बहनजी, आपकी बिटिया का जन्म चार बजकर बत्तीस मिनट का है ना? मंगल तो छठे में है, चिंता नहीं, पर शनि की दृष्टि है. एक नग मंगवा लीजिए, शनि का रत्न.' माझ्या मुलीचं नाव त्याला ठाऊक, गाव ठाऊक, हा नंबर ठाऊक!"

मी म्हटलं, "काकू, तुम्ही स्थळासाठी चार ठिकाणी दिली असेल वेळ. कुठूनही गेली असेल."

त्यांनी दाराकडे बघितलं. मग आणखी हळू आवाजात म्हणाल्या, "चार ठिकाणी मी चार दहा दिलीय."

मला कळेना.

"अगं, पोरगी चार वाजून दहा मिनिटांनी झाली. त्या वेळेला मंगळ सातव्यात येतो. बावीस मिनिटं पुढे सरकवली की सहाव्यात जातो. मेळाव्याच्या दिवशी तुमच्या रांगेत उभं असताना मनात आलं, इथे नवीन लोक आहेत, नवीन मंडळ आहे, करून बघू. चार बत्तीस ही वेळ जगात आहेच कुठे? ती मी तुझ्या टेबलावर जन्माला घातली!"

तुम्ही हसता आहात. मीही नंतर हसले. इथे किती जणांनी किती मिनिटं सरकवली आहेत ते मला ठाऊक आहे, आजोबांनाही ठाऊक होतं, आणि कोणाचंही नाव या कागदावर नाही. पण तेव्हा मी त्यांचा अर्ज उघडून बघितला. ती वेळ फक्त आपल्या यंत्रात होती. म्हणजे ती आपल्या यंत्रातून गेली होती. आणि त्या बिचाऱ्या बाईला कुठे तक्रार करायचीही सोय नव्हती, कारण तक्रार केली असती तर खरी वेळही सांगावी लागली असती.

काका तेव्हा घरी होते. उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी. शामलाकाकू म्हणाल्या, "डॉक्टरांनी महिनाभर पडद्याकडे बघायचं नाही सांगितलंय." काका म्हणाले, "ते ह्या एका डोळ्याबद्दल सांगितलंय. दुसरा माझा आहे."

त्यांनी मला एक खोटं स्थळ बनवायला सांगितलं. मी बनवलं. नाव, फोन, वेळ, गाव, सगळं कल्पनेतलं. तार काढली, बटण दाबलं. कुंडली आली, अगदी बरोबर. मी हाताने ताडून पाहिली. मग तार लावली आणि पुन्हा बटण दाबलं. तीच कुंडली. पण यावेळी काकांनी शेजारी एक काळी खिडकी उघडून ठेवली होती, तीत यंत्रातून बाहेर काय जातं त्याच्या ओळी दिसत होत्या. आणि त्या ओळींत, कुलूप नाही, कडी नाही, मी पाच मिनिटांपूर्वी मनाने रचलेल्या मुलीचं नाव होतं. तिचा फोन होता.

मी पंचांगावर वाढलेली मुलगी. अमुक दिवशी चंद्र कुठे होता हे बघायला कोणाला फोन करावा लागत नाही, एवढं मला सातव्या वर्षापासून माहीत आहे. तार काढूनही कुंडली येते, म्हणजे कुंडलीसाठी त्या तारेची गरजच नव्हती. मग ती मुलगी तारेवरून कुठे निघाली होती, हा प्रश्न मला मेळाव्याच्या आधी पडायला हवा होता.

मी रडत म्हटलं, "पण काका, लिनक्स..."

काका म्हणाले, "लिनक्सने काय केलं? त्याची भिंत आजही शाबूत आहे. ते भिंत फोडून नाही आलं, बेटा. तुझ्या बोटाला धरून आलं. तुला जे दिसतं ते त्याला दिसतं. तुझ्या टेबलावर जे जे आहे त्याला ते हात लावू शकतं. मोठी कळ असली तर मोठं नुकसान, पण आपल्याकडे मोलाचं काय आहे? यंत्र? हे टाकाऊ डबे? मोलाचे ते अर्ज. आणि अर्ज तुझ्या टेबलावर होते."

मग त्यांनी करार वाचायला घेतला. एका डोळ्याने, भिंग लावून. चौदाव्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलं होतं की सेवा सुधारण्यासाठी भरलेली माहिती वापरली जाऊ शकते आणि सहयोग्यांना दिली जाऊ शकते. म्हणजे चोरीसुद्धा म्हणता येईना. आम्ही सहा वेळा हो म्हटलं होतं.

त्याच दिवशी सहाही यंत्रांवरून ते काढलं. पण बाहेर गेलेलं परत येत नाही. त्या यंत्रांवरून एकशे चौऱ्याऐंशी घरांचे अर्ज भरले गेले होते. पुढचे नऊ दिवस काकांनी त्या एकशे चौऱ्याऐंशी घरांना स्वतः फोन केले. "मी इंदापूरकर बोलतोय. आमच्याकडून तुमची माहिती बाहेर गेली आहे. असा असा फोन आला तर काही देऊ नका, काही घेऊ नका." मी शेजारी बसून यादीवर खुणा करत होते. पलीकडून जे बोललं गेलं ते मला ऐकू येत होतं. या सभागृहातल्याही काही जणांनी बोललेलं. काका प्रत्येकाला म्हणत, "बरोबर आहे तुमचं."

मी दर वेळी म्हणायचे, "काका, मला द्या फोन. मी सांगते की मी केलं." ते म्हणायचे, "तू खूण कर."

आता मी त्या भागाकडे येते, ज्यासाठी हे भाषण पाच मिनिटांत बसेना.

माघात कार्यकारिणीची बैठक झाली. विषय एकच. महिपतरावांनी विचारलं, "हे कोणी बसवलं?" मी कोपऱ्यात बसले होते, कारण बैठकीचं इतिवृत्त मीच लिहिते. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. मी पेन खाली ठेवलं. तोंड उघडलं. तेवढ्यात काका म्हणाले, "कळ माझी होती. जबाबदारी माझी." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिहून घे."

मी लिहिलं.

मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत, माझ्या अक्षरात, असं वाक्य आहे: "संगणक प्रमुख श्री. इंदापूरकर यांच्या हलगर्जीमुळे हा प्रकार घडला." हलगर्जी हा शब्द मला कोणीतरी सांगितला. वेलांटी मी काळजीपूर्वक काढली. दोन महिन्यांनी, म्हणजे आता चैत्रात, वयोमानानुसार काका निवृत्त होत आहेत. सत्कारपत्रात 'वयोमानानुसार' छापलं आहे. पण बाड्यावरच्या बाजारात, दुकानात, लग्नघरात लोक काय म्हणतात ते मी ऐकते. "म्हाताऱ्याला जमेना. एवढी शेखी त्या लिनक्सची, आणि सगळ्या मुलींचे नंबर गेले."

नाही, काका. बसून घ्या. हात करू नका. तुम्ही म्हणालात म्हणून मी एकदा लिहिलं. आज तुम्ही प्रमुख नाही आहात, सत्कारमूर्ती आहात. सत्कारमूर्तींचं ऐकायची पद्धत नाही.

म्हाताऱ्याने सांगितलं होतं, एक यंत्र आणि तार काढून. म्हाताऱ्याचं ऐकलं असतं तर एकही नाव बाहेर गेलं नसतं. ते मी केलं. वनमाला पुराणिकने. रांगेतला एक टोमणा सहन झाला नाही म्हणून.

महिपतराव, आपण मला गेल्या आठवड्यात बोलावून सांगितलंत की काकांची जागा मी घ्यायची, आणि अक्षय्य तृतीयेच्या मेळाव्यापर्यंत ते प्लगिन पुन्हा बसवायचं, आता कंपनीने नवी आवृत्ती काढली आहे. आपलं म्हणणं मी नीट ऐकलं. आपण म्हणालात, लोकांना छापील कुंडली पाहिजे, आपण दिली नाही तर ते दुसऱ्या कुठल्या वेबसाइटवर जातील आणि तिथे याच्या दसपट माहिती देऊन येतील. हे खरं आहे. याला माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नाही. नवी आवृत्ती कदाचित चांगलीही असेल. मला ते कळायला मार्ग नाही, आणि सगळी अडचण तीच आहे. ज्याच्यात डोकावता येत नाही त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे मला ठरवता येत नाही. त्याच्या हातात काय द्यायचं, एवढं मात्र ठरवता येतं.

म्हणून मी असं करणार आहे. प्लगिन बसेल. एका यंत्रावर, खिडकीजवळच्या. त्याला तार नसेल. तार मी काढून कपाटात ठेवली आहे आणि कपाटाची किल्ली मंडळाच्या खजिनदार शालिनीताईंकडे असेल, माझ्याकडे नाही, कारण मला माझा अनुभव आहे. त्या यंत्रावर कोणाचंही नाव, फोन, पत्ता, फोटो जाणार नाही. जन्मवेळ, तारीख, गाव आणि एक क्रमांक. कुंडली छापून बाहेर येईल, शाई वाळेल, आणि मग त्या कागदावर मी माझ्या हाताने नाव लिहीन. शेवटी.

याला वेळ लागेल. दोन सेकंदांत काम होणार नाही, घरामागे दहा मिनिटं धरा. रांग पुन्हा जिन्यावरून खाली जाईल. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी मी खुर्च्या मांडीन, आपले चहावाले दौलतसिंह यांनी चहा कबूल केला आहे. पण कान्होजीराव, रांग रस्त्यापर्यंत गेली तरी दुसरं यंत्र सुरू होणार नाही. आपण टोमणा मारलात तरी नाही. मी सवय करून घेतली आहे.

हे मंडळाला मान्य नसेल, तर माझा राजीनामा अध्यक्षांच्या समोरच्या पाकिटात आहे. शालीखाली आहे, महिपतराव. ते पाकीट आहेराचं नाही.

आणि एक शेवटची विनंती. इतिवृत्ताची ती वही मी सोबत आणली आहे. ही. माझ्या वाक्यावर मी रेघ मारलेली नाही. लिहिलेलं खोडायचं नाही, असं आजोबांनी शिकवलंय. त्याच्या खाली अर्धं पान कोरं आहे. तिथे मी कालच्या तारखेने दुरुस्ती लिहिली आहे: काय घडलं, कोणी सांगितलं होतं, कोणी ऐकलं नाही. सगळं मांडून झाल्यावर नाव घातलं आहे. माझं. आता तिथे अध्यक्षांची सही हवी आहे. पेन वहीत आहे.

काका, तुमच्याकडून मी खूप शिकले ते वेगळं. पण त्या नऊ दिवसांत एकशे चौऱ्याऐंशी वेळा तुम्ही "बरोबर आहे तुमचं" म्हणालात, आणि मी शेजारी बसून खूण केली. आज एकदा मी म्हणते आहे. बरोबर तुमचं होतं.

आपण सर्वांनी वडे गार होऊ देऊन माझं ऐकलंत, त्याबद्दल मी अध्यक्षांची, सुधाताईंची, शामलाकाकूंची आणि आपणा सर्वांची ऋणी आहे. बोलताना मान-पान चुकला असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, थोरांसमोर आवाज चढला असेल, तर लहान समजून ते सगळं पोटात घालावं.

वहीतलं तेवढं मात्र पोटात घालू नये. त्यावर सही करावी.